नाना मेस्त्री आणि पिकपचा मागचा गोळा

परवा भाच्याने नवी पिकप घेतली. पेढे द्यायला आला तो मला हाताला धरून खाली घेऊन गेला आणि स्टिअरिंगजवळचं एक बटण दाखवून म्हणाला, "मामा, हे दाबलं की मागची दोन्ही चाकं एकमेकांना लॉक. चिखल असो, कातळ असो, गाडी अडणार नाही." मी म्हटलं, वा. दुसरं काय म्हणणार? त्याला काय ठाऊक, आमच्या वेळी रत्नागिरीत या बटणाच्या जागी एक माणूस होता, आणि तो दाबला तर आधी शिव्या बाहेर यायच्या.

नाना मेस्त्री. नाचणे गावाच्या रस्त्याला एका फणसाखाली त्यांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे वर कौलं, मागे चिऱ्याची एक भिंत आणि बाकी तिन्ही बाजूंनी वारा. ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. मी तेव्हा भाऊशेटांची पिकप चालवायचो. भाऊशेट आंब्याचे व्यापारी, माणूस वाईट नव्हता, पण गाडीला ओरखडा गेला तर आपल्यालाच लागल्यासारखा कळवळायचा. त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी माझी स्वारी नानांच्या फणसाखाली असायचीच.

उंचीने बेताचा माणूस, पण आवाज असा की शेजारच्या कोंबड्या बिचकायच्या. पूर्वी ते पोफळीला होते, कोयनेच्या प्रकल्पावर. तिथे डंपर आणि बुलडोझर दुरुस्त करत. तिथलं काम आटोपलं तसे इकडे आले, पण जिभेवरून पोफळी काही उतरली नाही. कार्बोरेटर साफ करतानाही सुरुवात व्हायची, "आम्ही पोफळीला असताना..." मग ऐकणाऱ्याने हातातली बिडी विझवून बूड टेकावं, कारण डोंगराच्या पोटातून डंपर बाहेर काढल्याशिवाय ती गोष्ट संपायची नाही. विनय वगैरे भानगड त्यांच्याकडे नव्हतीच. साऱ्या जिल्ह्यात गाडीतलं कळणारे आपण एकटे, असं ते चारचौघांत बिनदिक्कत सांगायचे. वैताग यायचा. त्याहून वैताग याचा, की बहुतेक वेळा ते खरं असायचं.

गाड्यांना अहो-जाहो आणि माणसांना अरे-तुरे, ही त्यांची रीत. बॉनेट उघडलं की अगदी मऊ आवाजात विचारणार, "काय होतंय तुम्हाला? कधीपास्नं?" शेजारून मालक सांगायला लागला की त्याच्याकडे न बघता म्हणायचे, "तू गप रे. तुला नाय विचारलं." एकदा एका मोठ्या वकिलांनाही असंच गप्प केलं होतं. वकीलसाहेब बिचारे फणसाखाली जाऊन उभे राहिले आणि गाडीची साक्ष होईपर्यंत हलले नाहीत.

दुरुस्त झालेली गाडी स्वतः चालवून बघितल्याशिवाय सोडायची नाही, आणि चालवायची ती अनवाणी. चपला दाराशी काढून ठेवायचे, देवळात जाताना काढतात तशा. क्लचवर चामडं आलं की गाडी काय म्हणते ते पायाला कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी घरी गुपचूप करून बघितलं. मला फक्त पेडलचा चटका कळला.

आणि ती भिंत! मागच्या चिऱ्याच्या भिंतीवर खिळे मारून त्यांनी मोडके पार्ट टांगून ठेवले होते. दात उडालेले गिअर, वाकलेला पुशरॉड, जळालेली क्लच प्लेट. लोक घरात वाडवडिलांचे फोटो लावतात ना, तशी ती मांडणी. नवं गिऱ्हाईक आलं की नाना एकेकाची ओळख करून द्यायचे. हा अमक्याचा पिन्यन, ऑइल न घालता मारलान. ही तमक्याची प्लेट, सगळा घाट क्लचवर पाय ठेवून उतरला. ज्यांची नावं असायची ते लोक त्या भिंतीकडे पाठ करून बसायचे.

आता सुमीचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यापायी झालं.

सुमी ही नानांची एकुलती लेक. तिला दिली होती सड्यावरच्या एका वाडीत. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा उघडा कातळ. पावसाळ्यात तिथे फुलांचा गालिचा असतो आणि शिमगा सरला की प्यायला थेंब मिळत नाही. वाडीची विहीर खाली, पऱ्याच्या काठाला. पऱ्या म्हणजे ओढाच, उन्हाळ्यात नुसता दगडगोट्यांचा. तिथून बायका डोक्यावर हंडा आणि कडेवर कळशी घेऊन घाटी चढायच्या. सुमीचा नवरा मुंबईला एका कॅन्टीनमध्ये होता, सासू लकवा मारून अंथरुणाला खिळलेली. आदल्या वर्षी वैशाखात हंडा घेऊन चढताना सुमीचा पाय घसरला आणि पोटातलं गेलं. पाचवा महिना होता.

नाना त्याबद्दल कधी बोलले नाहीत. सगळं बोलणारा माणूस, पण हे नाही. दुसऱ्या वर्षी तिला पुन्हा दिवस गेले तेव्हा ते वर जाऊन तिला घेऊन यायला बघत होते. ती येईना. सासूला पाणी कोण पाजणार, असं तिने विचारलं. सातवा लागला की येईन म्हणाली. सातवा लागणार होता ऐन मे महिन्यात, म्हणजे तोवरचा सगळा उन्हाळा तिच्या डोक्यावर हंडा असणार होता. नाना परत आले ते दोन दिवस फणसाखाली नुसते बसून राहिले. गिऱ्हाइकांना शिव्यासुद्धा मिळेनात, तेव्हा मला काळजी वाटली.

तिसऱ्या दिवशी त्यांनी भाऊशेटांना गाठलं. वाडीजवळ भाऊशेटांनी आंब्याची कलमं कराराने घेतली होती, आणि आंबा गड्यांच्या डोक्यावरून खाली यायचा तो अर्धा डागाळून. घाटीच्या बाजूने चिरेखाणवाल्यांनी कधीकाळी काढलेली एक वाट होती, पण मधल्या चढावर ती पावसाने खरवडून नेली होती. गाडी तिथे गेली की अडायचीच. नाना म्हणाले, "तुझे आंबे मी गाडीने खाली आणून देतो. पण वर जाताना गाडी रिकामी नाय जायची. पाण्याची पिंपं जातील." भाऊशेटांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, कारण नाना माझ्याकडे भाऊशेटांपेक्षा जास्त रोखून बघत होते.

गाडी तिथे का अडायची तेही सांगतो, मला नानांनीच समजावलं होतं. मागच्या आसाच्या मधोमध जो मोठा लोखंडी गोळा दिसतो, तो डिफरन्शियल. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, आतल्याला कमी. दोघांना आपापल्या चालीने फिरू देणं हे त्याचं काम. डांबरावर गुणी. पण त्या चढावर एक चाक चरीत लोंबकळलं की इंजिनाचं सगळं बळ त्या लोंबकळणाऱ्या चाकालाच जायचं. ते भिंगरीसारखं फिरायचं, आणि जमिनीवर टेकलेलं चाक ढिम्म. नाना म्हणायचे, "हा गोळा म्हणजे भित्रा बापूस. जो पोरगा थयथयाट करतो त्याच्याच ताटात वाढतो. गप बसून राबणारा उपाशी." असं कुणी सांगितलं तर माझ्यासारख्यालाही समजतं.

उपाय नानांना पोफळीहून ठाऊक होता. गोळा खोलायचा आणि आतले छोटे गिअर वेल्डिंग मारून एकमेकांना कायमचे जखडायचे. मग दोन्ही चाकं एकदमच फिरणार, कुणाचं थयथय चालायचं नाही. दोन दिवसांत काम झालं. मी गाडी त्या चढावर घातली, डावं चाक चरीवर उचललं गेलं, आणि उजव्याने मुकाट्याने आम्हाला वर ओढून नेलं. वाडीतल्या बायका खळ्यात येऊन उभ्या राहिल्या. पहिल्या फेरीला छोटीशीच पिंपं नेली होती, पण सुमीने त्यातल्या पाण्यात हात बुडवला आणि काढलाच नाही थोडा वेळ. नाना वाडीभर पोफळी सांगत फिरत होते. त्या दिवशी मला त्यांचा वैताग आला नाही.

आठवडाही गेला नसेल. आंब्याच्या पेट्या घेऊन मी डांबरी रस्त्याने शहराकडे येत होतो. गाडी वळताना नखरे करते हे जाणवत होतं, टायर किंचाळायचे, पण मी म्हटलं नवं काम आहे, बसेल हळूहळू. एका वळणावर स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी सरळच निघाली. मागून काडकन आवाज आला, आस मोडला, आणि आम्ही रस्त्याकडेच्या गडग्यावर, म्हणजे दगडी बांधावर. माझा गुडघा फुटला, पेट्या फुटल्या, आंबे रस्ताभर. लोक जमले. भाऊशेट आले ते माझ्यावर सुटलेच: झोपला होतास, प्यायला होतास, तुझ्या हातात गाडी दिली तो मी गाढव. मी रक्त पुसत उभा.

नाना सायकलवरून आले. सायकल तिथेच आडवी टाकली, गाडीखाली वाकून बघितलं, आणि उठून भाऊशेटांच्या समोर उभे राहिले. इतक्या हळू आवाजात मी त्यांना माणसाशी बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"ड्रायव्हरला बोलू नको. त्याची चूक नाय. पोफळीला डांबर नव्हतं रे, सगळी माती. मातीत चाक घसरतं, निभावून जातं. डांबरावर दोन्ही चाकं एकाच चालीने पळायला लागली की आस मोडणारच. हे मला कळायला हवं होतं. माणूस मारला असता मी आज."

सगळ्या गावासमोर. साऱ्या जिल्ह्यात गाडीतलं कळणारा एकटा माणूस, आणि बाजूला आंब्यांवर माश्या घोंगावतायत. मला तेव्हा वाटलं, याने मला आणखी दहा वर्षं अरे-तुरे केलं तरी चालेल. दुसऱ्या दिवशी त्यांच्या भिंतीवर अगदी मधोमध तो मोडका आस लागला होता. त्याची ओळख ते सगळ्यांत आधी करून द्यायचे: हा माझा गाढवपणा.

पण त्याने सुमीला पाणी मिळत नव्हतं. भाऊशेटांनी कानाला खडा लावला, गाडी दुरुस्त कर आणि जशी होती तशी दे म्हणाले. उन्हं चढत होती. सुमी पुन्हा हंडा घ्यायला लागल्याचं वाडीतल्या एका गड्याने सांगितलं, तेव्हा नाना हातातला पाना तसाच टाकून उठले.

नाना कोल्हापूरला गेले. तिथल्या भंगारबाजारात लष्कराच्या मोडीत काढलेल्या जीपगाड्या यायच्या, आणि त्यांतल्या काहींच्या गोळ्यात वेगळीच करामत असायची हे त्यांनी ऐकलं होतं. गिअरच्या बाजूला पातळ चकत्या एकावर एक दाबून बसवलेल्या. वळणावर त्या एकमेकींवरून जरा सरकू देतात, पण एक चाक मोकाट सुटू बघेल तर धरून ठेवतात. म्हणजे बापूस भित्राही नाही आणि आडदांडही नाही. तसा एक गोळा ते एसटीतून मांडीवर घेऊन आले. धोतराला ऑइलचे डाग पडले होते, आणि चेहरा मात्र साखरपुड्याहून परतल्यासारखा.

भाऊशेटांना त्यांनी कसं वळवलं कोण जाणे. भाऊशेट एवढंच म्हणाले की मेस्त्री माझ्या पडवीत येऊन बसला आणि काही बोललाच नाही, त्याची मला भीती वाटली.

ते काम मी जवळून बघितलं. त्या लष्करी गोळ्यावर आमच्या गाडीचंच मोठं दातेरी चाक बसवायचं होतं, आणि त्याचे दात पिन्यनच्या, म्हणजे त्याला फिरवणाऱ्या छोट्या गिअरच्या, दातांशी नेमके मधोमध भिडायला हवे होते. ते कळावं म्हणून नानांनी शेंदूर ऑइलमध्ये कालवला आणि दातांना लावला. चाक फिरवायचं, शेंदूर कुठे पुसला गेला ते बघायचं, जरा कमीजास्त करायचं, पुन्हा शेंदूर. नेमक्या त्याच वेळी भाऊशेटांच्या आई गॅरेजात आल्या. गाडी गडग्यावर गेल्यापासून म्हातारीला झोप नव्हती. त्यांनी तो शेंदरी गोळा बघितला, पायातल्या वहाणा काढल्या, पदर सारखा केला आणि हात जोडले. नंतर माझ्यामार्फत नारळ मागवला. मला हसू आवरेना. नाना मात्र गंभीरपणे बाजूला सरकले, म्हातारीला नारळ ठेवू दिला, आणि तिच्या वतीने गाऱ्हाणंही घातलं, ग्रामदेवतेला घालतात तसं खणखणीत आवाजात: "बा महाराजा, हा गोळा जागेवर ठेव, ड्रायव्हरला बुद्धी दे, आणि वर जाताना-येताना सगळ्यांची राखण कर." सगळ्यांची म्हणताना त्यांनी सड्याच्या दिशेला बघितलं. आम्ही "होय महाराजा" म्हटलं. मी तेव्हा हसत नव्हतो.

नव्या गोळ्याने डांबरावर गाडी गुमान वळली. वळणावर थोडी कुरकुर करायची, पण नाना म्हणाले ती चकत्यांची, ऐकून घ्यायची. मग मोठी पिंपं भरून आम्ही चढावर गेलो. यावेळी नाना स्वतः चालवत होते, मी बाजूला. चाक उचललं गेलं, चकत्यांनी धरलं, गाडी चढायला लागली. आणि मागे पिंपांतलं पाणी हिंदकळायला लागलं. गाडी एकीकडे कलली की सगळं पाणी तिकडे धावायचं, मग दुसरीकडे. मागचा भाग असा डोलू लागला की नानांनी मध्येच गाडी थांबवली. निम्मं पाणी फळ्यांमधून वाटेवर वाहून गेलं होतं.

वरून बायका रिकामे हंडे घेऊन उतरत होत्या, त्यांत सुमी. नाना आधी तिच्यावर ओरडले, या पोटाने कशाला उतरलीस म्हणून. तिने ऐकून घेतलं. मग पिंपांत डोकावली आणि हसायला लागली. वाटेकडेच्या आंब्याचा एक टाळ, म्हणजे पानांची डहाळी, तिने मला मोडायला लावला आणि पिंपात घातला. "हंड्यात आम्ही पानं घालतो, नाना. पाणी हलत नाय. एवढं पिंप भरलात, त्यात नको घालायला?"

बाकीच्या बायकांनी बाकीच्या पिंपांत टाळ घातले. खालून पुन्हा पाणी भरून आणलं. गाडी तोच चढ चढली आणि पाणी जागचं हललं नाही. वर पोचल्यावर नानांनी पिंपातला एक हिरवा टाळ उचलून बघितला. म्हणाले, "पोफळीला हे नव्हतं." त्यांच्या तोंडून पोफळीला कमीपणा आलेला मी तो एकदाच ऐकला.

त्या उन्हाळ्यात आमच्या फेऱ्या चुकल्या नाहीत. पाणी वर, आंबे खाली. चढावरून जाताना मी बिनघोर शीळ घालायचो, इतका तो गोळा विश्वासाचा झाला. नाना तर गॅरेजात येईल त्याला सांगायचे की आता या गाडीत ताकाचं मडकं ठेवून सडा चढलात तरी ते डचमळणार नाही. सुमीने नंतर हंडा घेतला नाही.

पुढे नानांची माझी गाठ वर्षानुवर्षं पडत राहिली. पण डोळे मिटले की मला दिसतात ते सुमीला खाली आणलं त्या दिवशीचे नाना.

सातवा लागला होता. वाडीतल्या एका बाईने सासूला सांभाळायचं कबूल केलं होतं. मी पिकप घेऊन वर गेलो, नाना बरोबर. आदल्या दिवशी त्यांनी ब्रेक खोलून नवे लायनर घातले होते, चारही चाकं हाताने हलवून बघितली होती. सुमीला पुढच्या सीटवर बसवलं, पाठीशी गोधडी दिली. मी म्हटलं, नाना, तुम्ही मागे बसा, निघू या. ते बसले नाहीत. गाडीच्या पुढे गेले, आणि वाटेकडे तोंड करून चालायला लागले.

तोच चढ, आता उतार. मी पहिल्या गिअरवर, आणि माझ्या पुढे नाना. दगड दिसला की वाकायचे, उचलून बाजूला टाकायचे. मोठा असला तर दोन्ही हातांनी लोटायचे. चर आली की तिच्याशी उभे राहून हाताने मला सांगायचे, इकडून घे, आणखी इकडून, हळू. मी त्या वाटेवरून डोळे मिटून गेलो असतो, आणि त्यांना ते माहीत होतं. त्यांनीच तर गाडी तशी केली होती. सगळ्या जिल्ह्याला ज्या गोळ्याचा हवाला दिला, त्यावर एवढं एकच ओझं सोडायचा त्यांना धीर होत नव्हता. सदरा पाठीला चिकटला होता. मागे वळून ते गाडीकडे बघत नव्हते, काचेतून आत फक्त सुमीकडे बघायचे आणि पुन्हा पुढे.

उतार संपला, पऱ्या ओलांडला, डांबरी रस्ता लागला. मी गाडी थांबवली, म्हटलं आता चढतील. नाना थांबलेच नाहीत. त्या सपाट डांबरावर, जिथे उचलायला एक खडा नव्हता, तिथेही ते तसेच पुढे चालत राहिले, एक हात वर धरून. मागून एक एसटी आली आणि कर्कश हॉर्न वाजवायला लागली. मी नानांना हाक मारावी म्हणून हॉर्नवर हात ठेवला, तर सुमीने माझं मनगट धरलं.

"नको, दादा," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "चालू देत त्यांना."

मी हात बाहेर काढून एसटीला बाजूने जायची खूण केली, आणि गाडी पहिल्या गिअरवरच ठेवून नानांच्या मागून निघालो.